नाल्याकाठी लांबट बाग झाली तर आमच्या विहिरीला पाणी वाढेल का?

विहीरवाली

नमस्कार मंडळी. पश्चिम नागपुरात, नाग नदीला मिळणाऱ्या एका नाल्याला लागून आमचा लेआउट आहे. नाव सांगत नाही. सांगितलं तर अर्ध्या तासात आमच्याच ग्रुपवर ही पोस्ट फिरायला लागेल.

परसात विहीर आहे. सासऱ्यांनी 1974 साली आधी विहीर खोदली, मग घर बांधलं. 36 फूट खोल, वरचे दहा-बारा फूट दगडी बांधकाम, खाली नुसता खडक. रहाटाच्या खांबाला एक काथ्याचा दोर गुंडाळलेला असतो. त्याला हात-हात अंतरावर गाठी, आणि टोकाला जुन्या तराजूचं दोन किलोचं माप. दर अक्षय तृतीयेला सासरे तो दोर विहिरीत सोडत, वर ओढून घेत, कोरड्या गाठी मोजत आणि दिनदर्शिकेच्या पानामागे आकडा लिहीत. ती सगळी पानं एका पत्र्याच्या पेटीत आहेत. ते गेले, आता मी लिहिते. 1981 च्या पानावर त्यांच्या अक्षरात आहे, "9 कोरड्या". यंदा माझ्या अक्षरात, "17 कोरड्या". हे पाणी आम्ही पीत नाही. पण मे महिन्यात दोन कूलर चालतात, झाडं आहेत, धुणंभांडी आहे. नळाचं पाणी कूलरमध्ये ओतताना माझा हात थांबतो.

आता उलटी गोष्ट. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे हाच नाला आमच्या स्वयंपाकघरात आला. अंबाझरी तलाव भरून वाहत होता, नाग नदी फुगलेली, त्यामुळे आमच्या नाल्याला पुढे जायला जागाच नव्हती. तो मागे फिरला. फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. गव्हाची कोठी गेली. विहिरीच्या पाण्याला दिवाळीपर्यंत डिझेलसारखा वास येत होता.

तर आता नाल्याकाठच्या पडीक पट्ट्यात "लिनिअर पार्क" करायचं चाललंय. साधारण 800 मीटर लांब, 25 मीटर रुंद. मारुतीच्या देवळात नकाशा लावलाय. त्यात पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक आहे, लॉन आहे, ओपन जिम आहे, दोन छत्र्या आहेत, सेल्फी काढायची जागा आहे. पाणी कुठून येणार आणि कुठे जाणार, याचा एक बाणसुद्धा नाही. शेजारचे एक काका म्हणतात झाडं लागली की पूर येणार नाही. दुसरे म्हणतात, रुमालानं कुठे पूर पुसता येतो का. मला दोन्ही पटत नाही.

विचारायचं एवढंच. अशा पट्ट्यानं पाणी खरंच मुरतं का? आणि मुरायचं असेल तर नकाशात काय बदलायला सांगू? पुढच्या रविवारी बैठक आहे.

तर्रीपोहे

ताई, बाग झाली की पहिले पाणीपुरीवाला येते. विहिरीचं पाणी मंग पाहू.

गंमत सोडा. मी कामासाठी दोन महिने सोलला होतो. तिथे चोंगग्येचॉन म्हणून ओढा आहे, शहराच्या मधोमध. त्याच्यावर उंच रस्ता होता. तो पाडून 2005 मध्ये ओढा उघडा केला. संध्याकाळी ऑफिसातले लोक बूट काढून पाय सोडून बसतात. बाजूच्या रस्त्यापेक्षा तिथे गार वाटते, हे मी स्वतः अनुभवलं. बैठकीत त्याचे फोटो दाखवा, लोक एका मिनिटात हो म्हणतील.

मुरूमकाका

तर्रीभाऊ, लोक हो म्हणतील, म्हणूनच नका दाखवू. तो ओढा सुंदर आहे यात वाद नाही. मोठ्या पावसात पाणी वाहून न्यायलाही कामी येतो. पण एरवी त्यात जे खळखळून राहिलं आहे, ते पाणी हान नदीतून पंपानं उचललेलं आणि मेट्रोच्या भुयारात झिरपणारं उपसलेलं आहे. दिवसाला सुमारे 1 लाख 20 हजार टन. ताईंना नळ लावलेली नदी नको, विहीर भरायला पाहिजे. तो वेगळा विषय आहे.

ताई, मी 31 वर्षं ठेकेदारांकडे साइटवर होतो. नाल्याच्या भिंती, आरसीसी ड्रेन, सिमेंट रोड. थोडक्यात, आपल्या मोहल्ल्यातलं पाणी लवकरात लवकर दुसऱ्याच्या मोहल्ल्यात ढकलायचं काम. ते मी चांगलं केलं, म्हणूनच आता बोलून राहिलो.

पाऊस मोकळ्या जमिनीवर पडला की थोडा पानांवरच अडकून वाळतो, थोडा मातीत जातो, मातीतला काही झाडं पिऊन पानांवाटे हवेत सोडतात, काही आणखी खाली उतरून विहिरीत आणि पुढे महिनोन् महिने नाल्यात पाझरत राहतो. उरतं ते वाहतं. जुन्या लोकांना आठवत असेल, नाले दिवाळीनंतरही स्वच्छ पाण्याचे वाहायचे. ते पाणी पावसाचं नव्हे, पाझराचं. आता छप्पर, अंगणातली फरशी, सिमेंट रोड, ड्रेन, असं सगळं जोडून दिलं की पाण्याला वाहण्याशिवाय दुसरी वाट राहत नाही. मग पूरही तिथलाच आणि कोरडी विहीरही तिथलीच. तुमच्या 17 गाठी आणि तरंगता फ्रिज हे एकाच दुखण्याचे दोन भाग आहेत.

लांबट पट्टा यात कामाचा का? चौकोनी बागेला पाणी आणून द्यावं लागतं. नाल्याकाठचा पट्टा तर पाण्याच्या रस्त्यातच बसलेला असतो. लेआउटचा सगळा उतार तिकडेच. गल्लीगल्लीचं पाणी नाल्यात पडायच्या आधी त्याला या पट्ट्यातून जावंच लागेल, अशी सोय करता येते. करता येते म्हणालो. आपोआप होत नाही.

कारण आपल्याकडे बाग कशी करतात? आधी चारी बाजूंनी कर्ब स्टोन. मग आत दोन ट्रक काळी माती. मग त्यावर लॉन. झाली बाग रस्त्यापेक्षा अर्धा फूट उंच. पाऊस पडला की बागेतलंच पाणी रस्त्यावर येते! नागपुरातल्या कुठल्याही बागेपाशी जोराच्या पावसात पाच मिनिटं छत्री घेऊन उभे राहा, कर्बच्या फटीतून मातीचं काळं पाणी रस्त्यावर येताना दिसेल. ती हिरवी सतरंजी आहे. पाण्याच्या दृष्टीनं ती आणि सिमेंट यांत फार फरक नाही.

नकाशात तुम्हाला बदलायचं ते हेच. पट्टा रस्त्यापेक्षा खाली. कर्ब ठेवायचाच असेल तर दर दहा-पंधरा फुटांवर हातभर तोडलेला. आत एक लांब उथळ चर, थाळीसारखा, गटारासारखा नव्हे. मध्ये मध्ये दगडाचे बुटके आडवे बांध, म्हणजे पाणी पळणार नाही, पायऱ्यापायऱ्यांनी थांबत जाईल.

आता हिशेब, कारण शेजारच्या काकांनाही उत्तर पाहिजे. 800 गुणिले 25 म्हणजे 20,000 चौरस मीटर. अर्धी जागा ट्रॅक, झाडं, बाकडी यांना सोडली. उरलेल्या 10,000 चौरस मीटरचा चर 20 सेंटिमीटर खोल धरला, तर त्यात एका वेळी 2,000 घनमीटर पाणी मावतं. म्हणजे 20 लाख लिटर. दहा हेक्टर, म्हणजे पंचवीसेक एकरांच्या लेआउटवर 20 मिलिमीटर पाऊस पडला तर बरोबर एवढंच पाणी होतं. तुमचा लेआउट साधारण तेवढा असेल. आपल्याकडे वर्षाला 1,100 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण तो पडतो थोडाथोडा. पावसाळ्यातले बरेचसे दिवस 20 च्या आतलेच. ते दिवस हा पट्टा जवळजवळ सगळे गिळू शकतो.

पण 23 सप्टेंबरला काही तासांत शंभराच्या वर पाऊस झाला होता. तेव्हा त्याच पंचवीस एकरांवर एक कोटी लिटर पडलं असेल. तुमचा पट्टा त्यातला पाचवा हिस्सा धरेल, बाकीचं जाईल. आणि वरच्या अंगानं नदी फुगून आली तर पट्टा पाण्याखालीच असेल. तेवढी मोकळी, भिंत नसलेली जागा पाण्याला पसरायला मिळाली हाच तेव्हाचा फायदा. सिंगापूरला बिशानच्या पार्कमध्ये नेमकं हेच केलं. कल्लांग नदीचा 2.7 किलोमीटरचा सरळसोट काँक्रीटचा कालवा फोडून 2012 मध्ये वळणावळणाची नदी केली, पार्कच्या मधून. जोराचा पाऊस आला की सायरन वाजतो, लोक वर सरकतात आणि लॉनवर नदी चढते. पूर गेला की पुन्हा पोरं खेळायला येतात. रुमालवाल्या काकांना हे सांगा. पूर पुसायचा नाही, त्याला बसायला जागा द्यायची.

एक गोष्ट राहिली, आणि नागपुरात तीच सगळ्यात मोठी. काळी माती. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात, पहिल्या पावसात पाणी भेगांतून ढसाढसा खाली जातं आणि लोक खूश होतात. आठ दिवसांत माती फुगते, भेगा मिटतात, आणि मग तिच्यासारखं झाकण नाही. म्हणून चराच्या तळात काळी माती ठेवायची नाही. मुरूम लागेपर्यंत खोदा, खाली गिट्टी, वर कन्हान नदीची जाड रेती आणि शेणखत मिसळून भरा. निघालेली काळी माती झाडांच्या उंचवट्याला वापरा, वाया जात नाही.

मोजून पाहायचं असेल तर गोडेतेलाचा पंधरा लिटरचा पत्र्याचा डबा घ्या. वरचा-खालचा पत्रा कापा. वर लाकडाची फळी ठेवून विटेनं ठोकून चार बोटं जमिनीत बसवा. आत वीतभर पाणी ओता, मोबाइलवर वेळ लावा. किती वेळात किती उतरलं ते लिहा. पट्ट्यात चार ठिकाणी करा. बैठकीत फोटोपेक्षा हे बरं.

दोन लेकरांची आई

काका, सगळं मान्य, पण चरात पाणी साचणार म्हणजे डासही होणार ना? मागच्या पावसाळ्यात आमच्या गल्लीत घराघरात डेंग्यू होता. माझा मोठा आठ दिवस ॲडमिट होता. आमच्याकडे कोणी "पाणी साठवू" म्हटलं की मला धडकीच भरते.

मुरूमकाका

बरोबर विचारलं. अंड्यातून डास उडायला उष्ण हवेतही आठवडाभर लागते. चर एका दिवसात, फार तर दोन दिवसांत कोरडा झाला पाहिजे. नाही झाला तर तो चर नव्हे, डबकं. तळाची रेती काढून पुन्हा भरायची. म्हणून तर डब्याचा खटाटोप. घरचे कूलर मात्र जुलैत रिकामे करा बाप्पा, अर्धे डास तिथेच वाढून राहिले असतात.

गिट्टीखदानवाली

मी भूगर्भशास्त्र शिकवते, म्हणून थोडी भर. एक सूचनाही आहे, ती आधी सांगते.

ताई, तुमच्या नाल्यात उन्हाळ्यात जे वाहतं ते काय आहे? बहुधा सांडपाणी. ते पाणी या चरात चुकूनही वळवू देऊ नका. नकाशा करणाऱ्यांना कधीकधी उत्साह येतो, "नाल्याचं पाणी बागेत घेऊ" म्हणतात. चर आणि तुमची विहीर यांच्यात काही मीटर मुरूम आहे. मुरूम म्हणजे सच्छिद्र, फुटलेला खडक. पाऊस जितक्या सहज उतरेल तितक्याच सहज मैला उतरेल. आधी सांडपाण्याची लाइन वेगळी होऊन ती खरंच वेगळी वाहते का ते पाहा. चरात फक्त छतांचं आणि गल्ल्यांचं पावसाचं पाणी. त्यातही मृगाच्या पहिल्या एक-दोन सरींचं पाणी रस्त्यावरचं ऑइल, टायरची भुकटी, धूळ घेऊन येतं. गल्लीच्या तोंडाशी, चराच्या आधी, एक छोटा गाळाचा खड्डा ठेवा आणि तो दर महिन्याला उपसायचं काम कोणाचं ते बैठकीतच ठरवून घ्या. नंतर कोणी उपसत नाही.

आता खडक. सीताबर्डीच्या टेकडीपासून पश्चिमेला आपल्या पायाखाली बेसाल्ट आहे, काळा दगड. पूर्वेकडे नाईस, म्हणजे पट्ट्यापट्ट्यांचा, त्याहून जुना खडक. तुम्ही पश्चिमेला, म्हणजे बेसाल्टवर. त्यात पाणी राहतं ते वरच्या कुजलेल्या थरात आणि सांध्यांत. हा खडक पाणी फार साठवत नाही. त्याच्या आकारमानाच्या एक ते तीन टक्केच पाणी मोकळं होऊन विहिरीला मिळतं. याची गंमत अशी की दोन टक्के धरले तर जमिनीत नुसतं 10 मिलिमीटर पाणी उतरलं तरी विहिरीची पातळी अर्धा मीटर वर दिसते. लोक पेढे वाटतात. पण तेच पाणी नाल्याच्या खोल पात्राकडे पाझरून दिवाळीनंतर उतरतंही तसंच पटापट. म्हणून सप्टेंबरच्या पातळीवर जाऊ नका. तुमच्या सासऱ्यांनी अक्षय तृतीया निवडली, ते फार शहाणपणाचं होतं. मला ती पेटीतली पानं पाहायला आवडतील, खरंच.

आणि काका, झाडांबद्दल तुम्ही एका वाक्यात उरकलंत. काठावर अर्जुन, उंबर, करंज, जांभूळ, उतारावर वाळा. होय, तोच वाळा, ज्याच्या मुळांच्या खसच्या ताट्या आपण कूलरला लावतो. त्याची मुळं सरळ खाली दोन-तीन मीटर जातात, काठ धरून ठेवतात, आणि जुनी मुळं कुजली की त्या जागी पाण्याला उतरायला नळ्या तयार होतात. लॉनची मुळं बोटभर. शिवाय लॉनला एप्रिल-मे मध्ये रोज पाणी लागतं. ते कुठून आणणार? बोअर मारून! म्हणजे विहीर भरायला केलेली बाग विहीरच पिणार.

तर्रीपोहे

खसची मुळं नाल्याकाठी वाढतात हे आज कळलं. दरवर्षी ताटीचे पैसे देऊन राहिलो मी.

विहीरवाली

काका, डबा केला! काल संध्याकाळी पट्ट्याच्या मधोमध ठोकला, वीतभर पाणी ओतलं. दोन मिनिटं दहा सेकंदांत रिकामा! व्हिडिओ आहे. म्हणजे आमची जमीन उत्तम आहे, खोदाखोदीची गरजच नाही, असं बैठकीत सांगू ना?

मुरूमकाका

थांबा. जमीन आत्ता भेगाळलेली आहे. पाणी भेगेत गेलं, मातीत नाही. मी वर लिहिलं होतं, पण डब्यापाशी सांगायला विसरलो, चूक माझी. आदल्या संध्याकाळी ती जागा चांगली चिखल होईस्तोवर भिजवा, रात्रभर फुगू द्या, सकाळी पुन्हा डबा लावा. ऑगस्टमधली जमीन कशी वागेल ते तेव्हा कळेल.

विहीरवाली

पडला तोंडावर माझा व्हिडिओ. बरं झालं ग्रुपवर टाकला नव्हता.

पुन्हा केलं. शनिवारी संध्याकाळी मुलाला आणि त्याच्या मित्राला कामाला लावून विहिरीच्या वीस बादल्या ओतल्या. आज सकाळी सहाला सुरुवात. पट्ट्यातल्या मोकळ्या काळ्या मातीत दोन तासांत पाणी माझं एक बोटही उतरलं नाही. डब्यात नुसतं आभाळ दिसत होतं. तिथून तीसेक पावलांवर एक जुना करंज आहे, खाली पालापाचोळ्याचा जाड थर, तिथे कोणी झाडत नाही. तिथे वीतभर पाणी चाळीस मिनिटांत गेलं. आणि कोणीतरी केबलसाठी खणून अर्धवट सोडलेला खड्डा आहे, अडीच फुटांवर पिवळसर मुरूम लागलाय. त्याच्या तळात डबा ठोकायला जीव गेला, पण पाणी पंधरा मिनिटांत गायब.

शेजारचे रुमालवाले काका फिरायला निघाले होते, ते आमच्या सोबत दीड तास बसले. काही बोलले नाहीत. जाताना म्हणाले, "तो डबा बैठकीला आणशील."

सांडपाण्याचंही पाहिलं. वरच्या गल्लीतल्या चार घरांचे पाइप थेट नाल्यात आहेत. त्यातलं एक आमच्या नात्यातलंच आहे, म्हणजे ते बोलणं मलाच करावं लागणार. लॉन काढून वाळा लिहिलाय. सेल्फीची जागा मी तशीच ठेवली, सगळ्याच गोष्टींवर भांडता येत नाही.

काका, रविवारी सकाळी दहाला येता का? चहा-पोहे आमच्याकडे.

मुरूमकाका

येतो. त्या केबलच्या खड्ड्याला कोणी बुजवू देऊ नका, सगळ्यांना मुरूम दाखवू. नळीची पातळी माझ्याकडे आहे, रस्ता आणि पट्टा यांतला उतार मोजून टाकू. आणि पाऊस यायच्या आत दोर एकदा सोडून ठेवा, काम सुरू व्हायच्या आधीचा आकडा पाहिजे.

विहीरवाली

सोडला आत्ताच. 18 कोरड्या. लिहिलं पानामागे.